गोटीची शिवण

दादाच्या गोट्या मोजायचं काम माझ्याकडं होतं. तो खेळून आला की खिसा माझ्या ओच्यात रिकामा करायचा, "पाय वं किती झाल्या," असं म्हणायचा आणि हातपाय धुवायला निघून जायचा. मग मी ओसरीवर बसून त्या मोजायची. आमच्याकडं पोरी सागरगोटे खेळायच्या आणि पोट्टे गोट्या, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, कारण मोजता मोजता गोट्या माझ्या हातात यायच्याच आणि त्या खेळणाऱ्यापेक्षा जास्त वेळ माझ्या हातात असायच्या. दादाला त्यातली फक्त मारायची गोटी ओळखू यायची, बाकीच्या त्याच्यासाठी नुसता आकडा होता. मला मात्र एकेक वेगळी दिसायची.

ही १९८४-८५ ची गोष्ट, मेहकरच्या बाजूचं आमचं गाव. नागपूरकडं यांना कंचे म्हणतात, आम्ही गोट्याच म्हणायचो. मी त्यांना माझी माझी नावं ठेवली होती. आतून काहीच नसलेली, हिरवट काचेची ती पाणी. पूर्ण पांढरी, आरपार न दिसणारी ती दुधी. पोटात केशरी पाकळी असलेली ती पळसफुली, हिरवी पाकळी असली की हरभरी. आणि एक सोड्याची, ती जत्रेतल्या गोटीसोड्याच्या बाटलीतून निघालेली, जाड, निळसर हिरवी, बाकीच्यांपेक्षा जड. ती मिळवायला पोट्टे फुटकी बाटली शोधत फिरायचे आणि न सापडल्यास एखादी फुटेल अशी व्यवस्थाही करायचे. फरशीवर रांगा लावायच्या, पाण्याची एक, दुधीची एक, पाकळीच्यांच्या रंगाप्रमाणे, आणि जी कुठंच बसायची नाही ती शेवटी एकटी. मला त्या एकट्या गोटीचंच जास्त वाटायचं. रांगा लावून झाल्या की माय ओरडायची, "उचल ते, पाय पडन कोनाचा," की सगळ्या परत डालडाच्या डब्यात.

उन्हाळ्यात गोट्या कमी व्हायच्या. आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिल-मे मध्ये अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. सोंगणी झालेल्या वावरात पोट्टे खेळायचे, कारण तिथं कोणी हाकलायला नसायचं, आणि नेम चुकला की गोटी घरंगळत जाऊन भेगेत पडायची. मग काडी घालून बघायचं, तार वाकवून घालायची, पण एकदा गेली की गेली. पहिला पाऊस आला की भेग मिटायची. दादा हरलेल्या गोट्यांचं दुःख करायचा नाही, पण भेगेत गेलेल्यांचं करायचा, कारण हरलेली गोटी निदान कोणाच्या तरी खिशात दिसायची तरी.

पुढं माझं लग्न झालं, शिवणकाम शिकले, आज तीस वर्षं झाली मी ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे गणवेश शिवते. गोट्या डोक्यातून गेल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी माहेरचं जुनं मातीचं घर पाडलं तेव्हा मधल्या भिंतीच्या कोनाड्यात, पार मागं, तोच डालडाचा डबा निघाला. गंजून झाकण चिकटलं होतं, पेचकसानं उघडलं. आत त्रेसष्ट गोट्या. दादा म्हणाला, "तू ने, मले काय करायच्या."

आणि आता जे सांगते ते मला अजून टोचतं. डब्यातल्या गोट्यांत एक मोठी होती, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी, पांढऱ्यावर हिरवा रंग फिरलेला. ती माझ्या रांगेत कायम एकटी असायची हे मला लख्ख आठवत होतं. पण डब्यात ओल गेली असावी, ती धुरकट झाली होती, अंगावर बारीक ओरखडे. मला ती जशी आठवत होती तशी बघायची होती. पोराच्या गाडीचं रबिंग कंपाउंड होतं, झीरो नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि दोन दुपारी बसून ती घासली. पाण्याखाली घासली, फडक्यानं घासली. अशी चमकली की बघत राहावं. मी खूश होऊन तिचे फोटो काढले.

महिनाभरानं मोबाईलवर वाचताना कळलं की मी काय घालवलं.

जगात जुन्या मशीनच्या गोट्या जमवणारे बरेच लोक आहेत, आणि ते रंग बघायच्या आधी गोटीच्या अंगावर एक खूण शोधतात. ती खूण कात्रीची असते. मी कात्रीवर पोट भरणारी बाई, मला हे वाचून जे वाटलं ते काय सांगू. भट्टीत वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि फुटकी काच वितळते, ती रटरटती काच पाकासारखी धार होऊन तळाच्या भोकातून खाली येते आणि खाली बसवलेली कात्री त्या धारेचे एकसारखे तुकडे करते. तुकडा पडतो दोन लांब लोखंडी रुळांवर, रुळांना स्क्रूसारखी खाच असते, ते फिरतात आणि तुकडा त्या खाचेत गोल गोल लोळत पुढं सरकतो, लोळता लोळता गोल होतो आणि गार होतो, आणि टोकाला जाऊन डब्यात पडतो. नंतर हळूहळू निवू द्यावं लागतं, घाई केली तर तडकतो. पण कात्री लोखंडाची, काचेपेक्षा कितीतरी गार, त्यामुळं ती जिथं लागते तिथं काच क्षणभर आकसते आणि तिथं एक बारीक घडी राहून जाते. कधी सरळ रेघ, कधी सुरकुती, कधी मिटलेल्या ओठांसारखी. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना कापलेला, म्हणून खुणा दोन. रंग दोन अर्ध्यांत जिथं जुळतो त्या रेघेला जमवणारे लोक सीम म्हणतात. सीम म्हणजे शिवणच.

मला यातली एक गोष्ट फार आवडली आणि ती मी कुठं वाचली नाही, शिवताना सुचली. कापड कापलं की एकच रेघ दोन तुकड्यांवर जाते. तसंच इथं. कात्रीचा एक घाव, त्याचा अर्धा भाग आधीच्या गोटीच्या डोक्यावर आणि उरलेला अर्धा मागून येणाऱ्या गोटीच्या पायाशी. म्हणजे प्रत्येक गोटीच्या एका टोकावर तिच्या आधीच्या गोटीची कड आहे आणि दुसऱ्या टोकावर नंतरच्या. त्या दोघी कुठं गेल्या, कोणाच्या खिशात, कोणत्या गावात, काही पत्ता नाही, पण कड आहे.

आणि मी ती पॉलिश पेपरनं घासून काढली. पॉलिश केली की काचेचं वरचं कातडं जातं, भट्टीतून निघताना अंगावर आलेला तुकतुकीतपणा जातो, माप थोडं कमी होतं आणि खुणा पुसल्या जातात. आता माझी मोठी हिरवी गोटी कुठल्या पद्धतीनं झाली हे मला कधीच सांगता येणार नाही. सुंदर दिसते ती. पण मुकी झाली.

तेव्हापासून मी हे नीट शिकायचं ठरवलं. पोरगा आयटीआय झालेला आहे, त्यानं त्याचा जुना व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचं बारीक माप घ्यायचं साधन, दिला. घड्याळवाल्याकडची डोळ्याला लावायची भिंग घेतली. टॉर्च घरचीच. एक वही केली, दोनशे पानी, त्यात प्रत्येक गोटीला नंबर.

पहिला प्रश्न असतो हाताची की मशीनची. मशीन यायच्या आधी काचेच्या चांगल्या गोट्या जर्मनीत थुरिंगियाच्या लाउशा गावात हातानं व्हायच्या, रंगीत काचेच्या कांडीतून चिमट्यासारख्या खास कात्रीनं एकेक कापून, ही पद्धत १८४० च्या दशकातली. अशा गोटीच्या टोकाला जिथं ती कांडीपासून तोडली तिथं खरखरीत डाग राहतो. मशीनच्या गोटीला तो नसतो. मग १९०५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेन या माणसाला गोटी गोल करायच्या मशीनचं पेटंट मिळालं. हा माणूस मूळचा डेन्मार्कचा, आणि त्यानं आधी बेअरिंगच्या पोलादी गोळ्या करायचं मशीन काढलं होतं. हे वाचून मी शिवायचं थांबवून बसले, कारण आमच्या गावात सायकलवाल्याकडून बेअरिंगचे छर्रे आणून पोट्टे त्यांनीच गोट्या उडवायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची, छर्रा चालतो का नाही चालत. काचेची गोटी आणि छर्रा हे चुलत भाऊ निघाले.

ख्रिस्तेन्सेनच्या कारखान्यात गोल करायचं काम मशीनचं, पण काच अजून माणूसच उचलायचा. लोखंडी सळीच्या टोकाला वितळलेली काच गुंडाळून घ्यायची आणि मशीनवर ती लोंबू द्यायची, दुसऱ्यानं कापायची. सळीवाला सळी फिरवत असायचा, त्यामुळं गोटीच्या एका टोकाला पांढऱ्या काचेची वळी उमटायची, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी, आणि दुसऱ्या टोकाला शेपटी. जमवणारे आजही हा नऊ शोधतात. मला मशीनच्या गोट्यांत हीच सगळ्यात जवळची वाटते, तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या मनगटाचा हिसका जसाच्या तसा आहे. नाव नाही, गाव नाही, पण मनगट आहे. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरींच्या टाक्यावरून मी सांगू शकते की हे कोणी शिवलं, तसंच हे. तो कारखाना १९१७ ला बंद पडला, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि भट्टीला लागणारा गॅस मिळेना. तोवर त्याच ॲक्रन गावात दुसरी कंपनी उभी राहिली होती, ॲक्रो ॲगेट, ती १९१४ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली कारण तिकडं गॅस आणि वाळू दोन्ही स्वस्त. तिथं हळूहळू सळीवाल्याचं काम संपलं, काच आपोआप भट्टीतून धारेनं यायला लागली, आणि नऊचा आकडा गेला.

त्या नव्या पद्धतीत मात्र दुसरी गंमत झाली. दोन रंगांची काच खाली येताना पिळली जाऊ लागली आणि गोटीवर रंगाचा पट्टा एका टोकापासून निघून, गोल गोल फिरत, दुसऱ्या टोकाला जाऊन संपायला लागला, मधे कुठंही न तुटता. याला कॉर्कस्क्रू म्हणतात आणि ॲक्रो ॲगेटची ओळखच ती. नुसता रंग मिसळून इकडंतिकडं वाहिलेला असेल, मधेच तुटत असेल, तर त्याला स्वर्ल म्हणायचं. रंगाचा एक मोठा ठिगळच वर बसला असेल तर पॅच. हा फरक फोटोवरून कळत नाही, गोटी बोटांत धरून फिरवावी लागते आणि पट्ट्यावर नजर ठेवून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जावं लागतं, आपण उलट्या शिवणीवरून बोट फिरवतो ना तसं.

कॉर्कस्क्रू मी हातात घेतलेली आहे म्हणून सांगते. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंचा मुलगा तिकडं अमेरिकेत नोकरीला आहे, त्याला माझा नाद कळला आणि गावी येताना त्यानं तिकडच्या जुन्या बाजारातून एक लहान पिशवी आणली, अकरा गोट्या, पैसे घेतले नाहीत, आईचे दोन ब्लाऊज शिवून द्या म्हणाला. मी चार शिवले. त्यात एक लाल-पांढरी कॉर्कस्क्रू आहे, सोळा मिलिमीटर. टॉर्चसमोर धरली की पांढरा भाग दुधासारखा उजळतो पण आरपार काही दिसत नाही, लाल पट्टा अडीच वेढे घेतो, सुरुवातीला दाट आणि शेवटी पातळ होत जातो, आणि जिथं संपतो तिथं भिंगातून बघितलं तर केसाएवढी रेघ आहे, किंचित वाकडी. कात्री थोडी बोथट असेल त्या दिवशी, असं मला वाटतं. कापडावर बोथट कात्रीची कड अशीच येते, ओढल्यासारखी. त्या रेघेच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढा एक हवेचा बुडबुडा. मी ती गोटी रात्री झोपायच्या आधी कितीदा बघितली असेल याचा हिशोब नाही.

त्याच पिशवीत एक पिवळी-काळी होती, ती मार्बल किंग नावाच्या कंपनीची, तिला तिकडं बंबलबी म्हणजे भुंगा म्हणतात, आणि लाल-काळी असेल तर गांधीलमाशी. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हणजे तिकडच्या लोकांनीही नावं ठेवली ती माझ्यासारखीच, जे डोळ्यासमोर उडत होतं त्यावरून. आणि एक हिरवट पिवळी होती, ती मी कृषी केंद्रात नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरून बघितली, कारण वाचलं होतं की पूर्वी काचेत रंगासाठी युरेनियम घालायचे आणि तसली काच त्या दिव्याखाली पोपटी उजेड देते. दुकानदारानं दिवा लावला, मी ओंजळीत अंधार केला, आणि ती पेटली. दुकानात खत न्यायला आलेली चार माणसं वाकून बघायला लागली.

आता आपल्याकडच्या. इथं मला अडचण आली, आणि माझं खरं काम इथंच सुरू झालं.

आपल्याकडच्या बहुतेक गोट्या पाकळीच्या असतात, साध्या काचेत आत रंगाची पाती. जगभर यांना कॅट्स आय म्हणजे मांजराचा डोळा म्हणतात. साध्या काचेच्या धारेत आतून रंगीत काच सोडतात आणि मग कापतात, म्हणून रंग पोटात राहतो. १९५० च्या सुमाराला जपाननं या गोट्या अमेरिकेत एवढ्या स्वस्तात ओतल्या की तिकडचे जुने कारखाने हलले, ॲक्रो ॲगेट तर १९५१ ला बंदच झाली. मग उरलेल्यांनीही आपापल्या पाकळीच्या गोट्या काढल्या, त्यात इलिनॉयच्या पेल्टियर कंपनीची एकच जाड पाती असलेली आहे, तिला केळं म्हणतात कारण ती तशीच दिसते. पण जमवणाऱ्या लोकांच्या नजरेत पाकळीच्या गोट्यांना मान कमी, आशियातल्या हिरवट काचेच्या असतील तर आणखी कमी, त्यांना एका वाक्यात निकालात काढतात. मला ते पटत नाही. आमच्या डब्यातल्या त्रेसष्टपैकी एकेचाळीस पाकळीच्या आहेत आणि भिंगाखाली एकही दुसरीसारखी नाही. एकीत तीन पाती आहेत आणि त्यातली एक अर्ध्यावरच संपली. एकीत चार आहेत पण दोन एकमेकींना चिकटून दाट झाल्या. काहींचा हिरवेपणा जास्त, तो वाळूतल्या लोखंडाचा. मला आजवर एकाही देशी गोटीसोबत कारखान्याचं नाव असलेला डबा किंवा कागद मिळाला नाही, आठवडी बाजारात त्या पोत्यातून यायच्या आणि मापानं नाहीतर नगावर विकल्या जायच्या. मग कंपनीप्रमाणे लावायच्या कशा? मी ठरवलं की पाती मोजायच्या, रंग लिहायचा, माप घ्यायचं, कात्रीच्या खुणा कशा आहेत ते चित्र काढायचं, आणि शेवटी एक रकाना, सापडली कुठं. हा रकाना तिकडच्या कुठल्या पद्धतीत मी पाहिला नाही. माझ्या वहीत तो सगळ्यात रुंद आहे.

सोड्याची गोटी वेगळ्या पानावर. तिचा शोध हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं लावला, पेटंट १८७२ चं. बाटलीच्या गळ्यात रबराची चकती आणि आत गोटी, सोड्यातला गॅस गोटीला वर ढकलून चकतीवर घट्ट बसवतो, बूच लागतच नाही, आणि अंगठ्यानं दाबलं की फट्ट. ती खेळायला केलेलीच नव्हती, काम करायला केली होती. म्हणून तिच्यात रंग नाही, नक्षी नाही. जत्रेतला सोडावाला अंगठा दाबायचा तेव्हा येणारा आवाज मला अजून येतो, आणि बाटलीत ती खालीवर नाचायची.

जमवणारे एक गोष्ट फार बघतात, ती म्हणजे अवस्था. एकही ओरखडा नसेल तर मिंट, थोडंसं काही असेल तर निअर मिंट, मग गुड, आणि खेळून खेळून फुटलेली म्हणजे कलेक्टेबल, नुसती ठेवण्यापुरती. चंद्रकोरीसारखा एक डाग असतो, काच फुटलेली नसते पण आत तडा गेलेला असतो, उजेडात चांदीसारखा चमकतो. तो दुसऱ्या गोटीच्या माराचा. त्यांच्या हिशोबानं एकेक कोर म्हणजे किंमत उतरली. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही, बाजार म्हटला की ते आलंच. पण माझ्या वहीत मी कोरी मोजून लिहिते आणि त्यांना दोष म्हणत नाही. नंबर १७ वर नऊ कोरी आहेत. नऊ वेळा कोणीतरी बोट ताणून नेम धरला आणि तो लागला. आमच्या गलीभोवती "एकलम खाजा, दुब्बी राजा" म्हणत पोट्टे मोजायचे, आणि हरलेल्याच्या मुठीवर गोटी बसायची तेव्हाचं ते कळवळणं, ते सगळं मी ओसरीवरून ऐकलेलं आहे. नऊपैकी एखादी कोर त्या दुपारची असेल.

आता वावरातल्या. काळ्या मातीला एक सवय आहे, ती वरचं खाली घेते आणि खालचं वर आणते. उन्हाळ्यात भेगेत गेलेलं काही वर्षांनी नांगरणीत, डवरणीत वर येतं. निंदायला जाणाऱ्या बाया माझ्याकडंच ब्लाऊज शिवायला टाकतात, त्यांना मी सांगून ठेवलं की गोटी दिसली तर आणा आणि कोणत्या वावरात सापडली ते लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी चार आल्या. दुसऱ्या वर्षी अकरा, त्यात दोन गारगोट्या होत्या, पाणी पिऊन गुळगुळीत झालेल्या, आणि एक अकीक, राखाडी पांढऱ्या पट्ट्यांचा. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हे अकीक तयार होतात आणि दगड झिजला की शेतात येऊन पडतात. बाईनं विचारलं, "हे चालते का तुले?" मी म्हटलं, चालते. जर्मनीत इडार-ओबरस्टाइनला असाच अकीक घासून गोट्या करायचे, महाग असायच्या, आणि काचेवाल्यांनी आपल्या गोट्यांना नाव दिलं तेही ॲगेट, म्हणजे अकीकच, ॲक्रो ॲगेट हे नाव त्यातलंच. ज्याची नक्कल करायला एवढी मशीनं लागली ते आमच्या धुऱ्यावर फुकट पडलेलं असतं. आणि मेहकरपासून जवळच लोणार आहे, सगळ्यांना माहीत आहे, सुमारे १.८ किलोमीटरचं ते विवर उल्का पडून झालं, पण तिथल्या मातीत काचेचे अगदी बारीक गोल मणी सापडले आहेत हे कमी लोकांना माहीत असतं. उल्केच्या तापानं दगड वितळला, थेंब उडाले आणि हवेतच गोल होऊन गार झाले. त्यांना कात्री लागली नाही.

मातीतून आलेली गोटी मी फक्त पाण्यानं धुते, मऊ फडक्यानं टिपते. ब्रशसुद्धा नाही. काहींच्या अंगावर मातीनं साय धरल्यासारखं झालेलं असतं, तिरकं धरलं की त्यात रंग दिसतात. तसंच राहू देते.

मागच्या भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, जेवणं झाली, मग मी वही काढली आणि डबे काढले, आता गोट्या बटणांच्या डब्यांत असतात, कप्प्यांचे. त्याला वाटलं होतं मी पाच-पन्नास ठेवल्या असतील. तो खाली सतरंजीवर बसला आणि एकेक उचलून बघायला लागला, काही बोलेना. मी त्याला ती मोठी हिरवी दाखवली, घासलेली, आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं त्याला वाईट वाटेल. त्यानं ती हातात फिरवली आणि म्हणाला, "हे मले आठवतच नाही." जी मला चाळीस वर्षं आठवत होती ती त्याच्या लक्षातही नव्हती. त्याला आठवत होती दुसरीच. डब्यात नसलेली.

"एक होती ना वं," तो म्हणाला, "पांढरी, तिच्यावर लाल. मारायची गोटी होती ते माही. नाल्याजवळच्या वावरात भेगेत गेली. संध्याकाळवरी तार घालून बसलो होतो."

मी ती कधी मोजलेली नाही, म्हणजे ज्या दिवशी जिंकली त्याच दिवशी गेली असणार. वहीत मी नवा नंबर टाकला, २१४, आणि सापडली कुठं हा रकाना मोकळा सोडून त्याला एकेक विचारायला लागले. केवढी होती? त्यानं अंगठ्याच्या पेरावर दाखवलं, मी त्याच्या पेराला व्हर्नियर लावला. पांढरा दुधासारखा की पाण्यासारखा? दुधासारखा. फुटलेली होती? एका अंगाला कोर होती. लाल किती? बरंच. मग मी विचारलं, लाल पट्टा मधे कुठं तुटत होता का टोकापासून टोकापर्यंत जात होता.

तो गप्प झाला. मग त्यानं डोळे मिटले, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जवळ आणून, मधे काहीच नसताना, हळूहळू फिरवायला लागला. एकदा पूर्ण फिरवलं. परत उलटं फिरवलं.

"नाही," तो म्हणाला, "तुटत नव्हता."